खडकाईचा उजवा फेरा

घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी वाहने अडकतात, यात सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे एवढेच, की त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये प्राप्ती नाखवाच्या शेजारी बसलेल्या तरुणाने मांडीवर नकाशा उघडला आणि तो त्याच्या मांडीवर मावेना. एकेक घडी उलगडत गेली, तसा नकाशाचा एक कोपरा सरळ प्राप्तीच्या पर्सवर येऊन विसावला. परक्या मुलीच्या अंगावर कागद पसरू नये, इतके भान कोणत्याही सभ्य घरातल्या मुलाला असावे. पण हा मुलगा पेन्सिल दातांत धरून त्या रेषांमध्ये इतका बुडाला होता, की शेजारी मुलगी आहे की खांब, हेही त्याला ठाऊक नसावे.

प्राप्तीने आधी खिडकीबाहेर पाहिले. मग नकाशाकडे पाहिले. आणि मग तिला राहवले नाही.

“हा फेरा उलटा आहे,” ती म्हणाली.

पेन्सिल दातांतून सुटून खाली पडली. “सॉरी… काय?”

“उलटा. तुम्ही खडकाईच्या माळावर चाललाय ना? तुमचा बाण इकडून वर गेलाय. म्हणजे देवी सगळा वेळ डाव्या हाताला पडणार. असं कोणी जात नाही.”

त्याने पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे नीट पाहिले. डोळे मोठे होते आणि त्यांत अविश्वास होता. “तुम्हाला खडकाईचा माळ माहितीये? आपल्या ऑफिसात तर आंबिवलीच्या पुढे काही असतं हेच कोणाला माहीत नाही!”

“आम्ही कळव्याचे कोळी. दर चैत्रात आमच्या अख्ख्या आळीचा तिथे फेरा असतो. मी चालायला लागले तेव्हापासून जातेय.”

“पण इकडून चढ सोपा आहे,” त्याने नकाशावर बोट ठेवले. “हळूहळू चढायचं, वर पठारावर गोल फिरायचं, आणि घळीतून झपकन खाली. तुमच्या बाजूनं गेलो तर घळ सुरुवातीलाच चढावी लागते.”

“चढावी लागते ते बरं. उतरायला लागली तर वयस्कर माणसांचे गुडघे संध्याकाळी तुम्हाला शिव्या देतील. सकाळी घळीत सावली असते. चढ संपवून टाकायचा आणि उतरताना आरामात यायचं.”

मुलगी बरोबर बोलत होती, आणि ते मान्य करायला पुरुषाला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यालाही लागला.

“आणि देवी डाव्या हाताला पडलीच तर काय होतं?”

“देवीचं माहीत नाही. माझी आत्या रागावते.”

“आत्या मोठी की देवी?”

“ते कळव्यात अजून ठरलेलं नाही.”

तो मोकळेपणाने हसला. बस तेवढ्यात एक वीतभर पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

त्याचे नाव प्रणित शेळके. घर डोंबिवलीला, मूळ गाव साताऱ्याकडचे, नोकरी प्राप्तीच्याच कंपनीत, दोन मजले वर. रविवारी तो हौशी माणसांना डोंगरात चालायला नेत असे. गिर्यारोहकांना नव्हे, ज्यांचे वजन वाढले आहे, ज्यांना डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितले आहे, अशा साध्या माणसांना. कोजागरीनंतरच्या रविवारी त्याला एक मध्यम फेरी आखायची होती. जिथून निघायचे तिथेच परत यायचे, धाप लागावी पण छाती भरून येऊ नये, वरून चार ठिकाणे नजरेत भरावीत आणि वाटेत जुन्या काळाच्या खुणाही भेटाव्यात. खडकाईच्या माळावर हे सारे होते. नव्हता तो फक्त वाट जाणणारा माणूस.

“आता आहे,” प्रणित म्हणाला, आणि लगेच नकाशाच्या घड्या घालण्यात गुंतून गेला.

त्यानंतर रोज संध्याकाळी खिडकीजवळची जागा प्राप्तीसाठी राखलेली असे. बसमधल्या इतरांनी याची योग्य ती नोंद घेतली. कोंडी जितकी मोठी, तितकी फेरी तपशिलात आखली जाई. विश्रांती कुठे घ्यायची, खोदीव टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे का, जुन्या चौकीचा चौथरा गवतात सापडेल का, वीरगळ आधी दाखवावेत की नंतर, या प्रश्नांवर दोघे तावातावाने बोलत, आणि ठाण्याचे स्टेशन आले की दोघांनाही वाटे, आज रस्ता फारच मोकळा होता.

“वीरगळांच्या पलीकडे अजून एक दगड आहे म्हणे,” प्राप्तीने एकदा विचारले. “गधेगळ. त्याची माहिती लोकांना कोण सांगणार?”

प्रणितने घसा साफ केला. “मी सांगेन. म्हणजे… राजानं जमीन दान दिली की असा दगड उभा करायचे. वर चंद्र-सूर्य. आणि खाली… एक गाढव असतं.”

“आणि?”

“आणि… शाप असतो. दान मोडणाऱ्याला.”

“कसला शाप?”

त्याचे कान लाल झाले. “कडक,” तो म्हणाला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. त्या दगडावर काय कोरले आहे हे प्राप्तीला लहानपणापासून ठाऊक होते. येथे त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. कारण आहे ते एवढेच सांगण्याचे, की त्या लाल कानांकडे पाहताना तिच्या मनात काहीतरी हलले, आणि पुन्हा पूर्वीच्या जागी बसले नाही.

लोकांना नेण्याआधी वाट स्वतः पायांखाली घालायची, अशी प्रणितची शिस्त होती. म्हणून हस्ताच्या पावसाचे दिवस असतानाही एका सकाळी दोघे आंबिवलीला उतरले, रिक्षाने पायथ्याच्या पाड्यापर्यंत गेले आणि घळ चढू लागले. दगड ओले होते. एका उंच पायरीशी त्याने हात पुढे केला. त्या पायरीवरून प्राप्ती वयाच्या सहाव्या वर्षी एकटी चढली होती. तरीही तिने हात धरला. आणि पायरी संपल्यावर तो सोडायला जरा उशीर झाला… कोणाकडून, ते दोघांनीही तपासले नाही.

वर आल्यावर वाऱ्याने दोघांचा श्वास कोंडला. सारा माळ सोनकीने पिवळा झाला होता. खाली उल्हास नदी वळण घेऊन चमकत होती, दक्षिणेला मलंगगडाचे सुळके ढगांत अर्धे बुडाले होते, आणि दूर पश्चिमेला, जिथे ठाणे असायला हवे तिथे, खाडीची एक रुपेरी रेघ तेवढी दिसत होती.

“ते तुमचं घर,” प्रणितने त्या रेघेकडे बोट दाखवले.

“एवढंसं?”

“इथून. जवळ गेल्यावर कळेल केवढं आहे ते.”

“बोलावलंय कोणी?” ती म्हणाली आणि पुढे चालू लागली, कारण चेहरा वाऱ्याकडे ठेवणे तिला त्या क्षणी अधिक सोयीचे होते.

माळाच्या मध्यावर खडकाई. देऊळ नाही, छप्पर नाही. शेंदूर लावलेला एक मोठा खडक आणि त्याची राखण करणाऱ्या मंजुळाबाई. खडकाईचा रिवाज जुना आणि साधा आहे. घरटी एक नारळ. ज्यांची चूल एक, त्यांचा नारळ एक. भाऊ वेगळे झाले की नारळ वेगळे होतात; आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलीने फेरा करून दोघांत मिळून एकच नारळ दिला, तर त्यांचे बोलणे झाले असे पंचक्रोशी समजते. मग घरची माणसे बसून तारखा पाहतात. शब्द दिला गेलेला असतो.

प्रणितने पाठीवरची पिशवी उतरवली आणि त्यातून नारळ काढला. एक.

“दुसरा?” प्राप्तीने विचारले. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला.

“दुसरा कशाला? डोंगरात एका वस्तूचे दोन नग आणायचे नाहीत, ओझं होतं. एक दोरी, एक टॉर्च, एक नारळ. दोघांत मिळून.”

मंजुळाबाईंनी मान वर केली. “दोगांचा येकच?”

“एकच, मावशी. दोघांचा,” प्रणितने आनंदाने सांगितले.

मंजुळाबाईंनी प्राप्तीकडे पाहिले. ही भागीरथी आत्याची भाची, हिला रिवाज ठाऊक आहे, हे त्या दृष्टीत स्पष्ट होते. बोलायची वेळ ती होती. ‘थांबा, याला माहीत नाही,’ एवढे चार शब्द पुरले असते. प्राप्ती मात्र सोनकीच्या फुलांकडे पाहत राहिली, जणू ती तिने यापूर्वी कधी पाहिलीच नव्हती. नारळ फुटला. मंजुळाबाईंनी एक भकल तिच्या हातात दिले, दुसरे त्याच्या, आणि म्हणाल्या, “जोडीनं खावा.”

त्याच क्षणी हस्ताची सर आली. दोघे धावत टाक्याजवळच्या कातळाखाली शिरले. जागा इतकी अरुंद होती, की पाऊस टाळायचा तर खांद्याला खांदा लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. गुळाच्या खड्याबरोबर खोबरे खाताना प्रणित म्हणाला, “एवढं गोड खोबरं मी कधी खाल्लेलं नाही.”

“भूक लागली की सगळं गोड लागतं.”

“भूक रोज लागते हो,” तो म्हणाला. आणि मग दोघेही पावसाकडे बघत बसले.

सुख असे आठवडाभर टिकले. मग भागीरथी आत्याने फर्मान काढले.

भागीरथी आत्या म्हणजे कळव्याच्या बाजारात पाटीमागे बसून निम्म्या ठाण्याला मासळी खिलवणारी बाई. भाव एकदाच सांगणार, आणि तोच शेवटचा. प्राप्तीची आई लवकर गेली, तेव्हापासून आत्याचा शब्द हाच घराचा कायदा. प्रणितच्या फेरीची जाहिरात फिरत फिरत तिच्या फोनवर पोचली होती.

“खडकाईला चाललाव नि मला सांगत नाय? मी येतंय. माज्यासंगती चार बाया हायेत.”

“आत्या, तुझे गुडघे—”

“गुडघे माजे हायेत. तुजे नाय.”

प्राप्तीला त्या रात्री झोप आली नाही. मंजुळाबाई आत्याला पाहताच सारे सांगणार, हे उघड होते. आत्याच्या रागाचे भय होतेच; पण खरा काटा दुसराच रुतला होता. सगळ्या लोकांसमोर प्रणितला कळेल, की या मुलीने जाणूनबुजून गप्प बसून आपल्याकडून शब्द काढून घेतला. असे कळलेला मुलगा पुन्हा शेजारी बसेल का?

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिने सुचवले, “फेरा जरा लहान करूया? टाकं बघायचं आणि आल्या वाटेनं परत. देवीपर्यंत जायला नको.”

“म्हणजे फेरा राहिलाच कुठे?” प्रणित चकित झाला. “तुम्हीच तर मला शिकवलंत. देवी उजव्या हाताला, पूर्ण गोल. आणि आता तुम्हीच म्हणताय अर्ध्यातून फिरा? काय झालंय?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणताना माणसं अशी पर्सचा पट्टा पिळत नाहीत.”

प्राप्तीने पट्टा सोडला. चोरून केलेल्या गोष्टीपेक्षा तोंडावर बोललेली बरी, असे आत्याच्या हाताखाली ती शिकली होती. तिने सारे सांगितले. घरटी एक नारळ, एका नारळाचा अर्थ, मंजुळाबाईंची नजर, स्वतःचे गप्प बसणे. “तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं. मी थांबवायला हवं होतं… थांबवलं नाही.”

“का?” त्याने हळू विचारले.

उत्तर तिच्या ओठांवर होते. मात्र वर्षानुवर्षे तुंबलेला तो रस्ता नेमका त्याच संध्याकाळी मोकळा सुटला. बस भरधाव निघाली, माणसे उतरण्यासाठी उठली, आणि कोणाच्या तरी पिशवीआडून त्याचा चेहरा दिसेनासा झाला. खाली उतरून तिने मागे पाहिले. तो गर्दीत मिसळून गेला होता. पुढचे दोन दिवस तो कामासाठी पुण्याला होता. निरोप आला तो एवढाच: ‘रविवारी फेरा पूर्ण होईल. ठरल्याप्रमाणे.’

रविवारी आंबिवलीला चाळीसेक माणसे जमली. भागीरथी आत्या हिरवे लुगडे नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून, पायांत नातेवाइकांपैकी कोणाचे तरी खेळाचे बूट चढवून आली होती. प्रणितने सर्वांना सूचना दिल्या. सर्वांत पुढे तो, सर्वांत शेवटी प्राप्ती. मधला कोणी मागे पडता कामा नये. म्हणजे सबंध रांगेचे अंतर दोघांमध्ये. नमस्कारापलीकडे एक शब्द झाला नाही.

घळीत मधूनच पुढून तोंडोतोंडी निरोप येई. “शेवटी सगळे ठीक का?” प्राप्ती उत्तर पाठवी, “ठीक.” पुन्हा निरोप येई. “शेवटच्या माणसानं पाणी प्यायलं का?” रांगेतल्या एका काकूंनी चष्म्यावरून पाहिले. “बाकी कोणाच्या पाण्याची चौकशी नाही होत बरं का!” प्राप्तीला हसू आले आणि लगेच भीतीही वाटली. काळजी होती, पण ती तर प्रत्येकाची घेणे हे त्याचे कामच होते.

माळावर मंजुळाबाई डोळ्यांवर हात धरून उभ्या होत्या. “आलीस गो भागीरथे! नि जोडपं कुटं हाय?”

“कनचं जोडपं?”

“तुजी भाची नि यो पोरगा. हस्तात येक नारल देऊन गेलीत ना!”

धापा टाकणारी रांग एकदम श्वास घ्यायची विसरली. आत्या सावकाश वळली. लोक आपसूक बाजूला झाले आणि प्राप्तीपर्यंत सरळ वाट मोकळी झाली. ती पुढे आली. तोंड उघडणार, तोच प्रणितने पिशवी उतरवली आणि नारळ काढले. दोन.

दोन. म्हणजे उत्तर मिळाले. प्राप्तीच्या डोळ्यांपुढे सारा पिवळा माळ ओला होऊन हलला. त्याने एक नारळ तिच्या हातात ठेवला.

“मावशी, त्या दिवशी मला रिवाज माहीत नव्हता,” प्रणित म्हणाला. “म्हणून ते धरू नका. ह्यांचा नारळ ह्या देतील, माझा मी. दोन घरं.”

“बरं,” प्राप्ती म्हणाली. तेवढा एक शब्द सरळ उभा ठेवायला तिला सगळे बळ लागले. तिने नारळ मंजुळाबाईंपुढे धरला.

“थांबा! माझं संपलेलं नाही.” प्रणितचा आवाज चढला. “बसमध्ये तुम्ही सांगितलंत, तेव्हा मला इतका आनंद झालेला की बोलताच येईना. आणि रागही आलेला. तुमचा नाही, माझा. माणूस असा शब्द आयुष्यात एकदा देतो, आणि मी तो दिला कशासाठी… तर पाठीवरचं ओझं कमी करायला! न कळता दिलेलं मला नकोय. म्हणून दोन आणले. आता तुम्ही मोकळ्या आहात, मी पण मोकळा आहे. आणि मोकळा होऊन विचारतो, की…”

इतक्या डोंगरवाटा तुडवलेला तो मुलगा इथे अडकला.

“विचारा की हो!” मागून काकू म्हणाल्या.

“कोनी मधी बोलू नका,” आत्या गरजली.

“…की आज एकच देऊया का?”

वारा होता. सोनकी होती. चाळीस माणसे होती. प्राप्तीला त्यातले काही दिसले नाही.

“मला वाटलं, तुम्ही नाही म्हणताय,” ती म्हणाली.

“मला वाटलं, मी बोलायच्या आत तुम्ही तो फोडून मोकळ्या होणार.”

“होणारच होते.” तिने नारळ नसलेल्या हाताने डोळे पुसले आणि ओढणी खोचली. “तुझा ठेव आत. माझा फोडायचा. तू विचारलंस ना? मग द्यायचा तो मी देते.”

“अजून मला कोनी विचारलेलं नाय,” आत्या म्हणाली. ती प्रणितपुढे येऊन उभी राहिली आणि बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून पाहावेत तसे तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. “नाव काय रे तुजं?”

“प्रणित शेळके. सातारचे आम्ही. डोंबिवलीला राहतो.”

“मासं खातोस?”

“खातो… म्हणजे, काटे काढून दिले तर.”

बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आत्या हसली नाही. “आमच्या घरात काटं कोनी कोनाला काडून देत नाय. आपलं आपुन काडायचं. शिकशील?”

“शिकेन.”

“घशात अडकला तर रडशील?”

“रडेन. पण जेवण सोडून उठणार नाही.”

आत्याने क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर नजर रोखली. मग मंजुळाबाईंकडे वळून ती म्हणाली, “फोड गो मंजुळे. नि तुज्या बापाला सांगायचं माज्यावर सोड, पोरी.”

नारळ फुटला. एवढ्या माणसांना खोबऱ्याचा एकेक तुकडा पुरवताना मंजुळाबाईंची तारांबळ उडाली, आणि काकूंनी तर दोनदा हात पुढे केला.

प्राप्ती आपल्या शेवटच्या जागेकडे निघाली, तेव्हा आत्याने तिला दंडाला धरून थांबवले. “मागं मी ऱ्हातंय. माज्या फुडं चालताना कोनाची मागं पडाची हिंमत हाय? तू जा.”

ती रांगेच्या कडेने पुढे निघाली. प्रत्येकाजवळ काही ना काही थट्टा होती आणि प्रत्येकाने ती सोडली. सर्वांच्या पुढे प्रणित थांबला होता. तिथून वाट हलकेच उतरत जात होती, खडकाई उजव्या हाताला होती, आणि दूरवर खाडीची रेघ उन्हात लखलखत होती.

“उशीर केलास,” तो म्हणाला.

“रांग मोठी होती.” तिने मागे पाहिले. “आता उतारावर जरा सावकाश घे. आत्या दाखवत नाही, पण तिचे गुडघे दुखतायत.”

“मग हात दे. दोघंही सावकाश जाऊ.”

तिने हात दिला. या वाटेवर एकही उंच पायरी नव्हती, आणि मागून चाळीस माणसे पाहत होती. पाहू देत.